गोष्ट नको, आकडा सांगा

आयुष्यात मी मनापासून मत्सर केला तो एकाच माणसाचा, आणि तो माणूस लोकांच्या तोंडावर जांभया द्यायचा.

श्रीमंतांचा मत्सर करणं त्या काळात पुण्यात फार सोपं झालं होतं. कालपर्यंत आपल्याबरोबर टपरीवर कटिंग मारणारा मित्र एका सकाळी गळ्यात कंपनीचा बिल्ला लटकवून हिंजवडीच्या बसची वाट पाहताना दिसायचा, आणि आपण रस्ता ओलांडून पलीकडे जायचो. पण तसला मत्सर दोन दिवसांत उतरतो. माझा टिकला. आज माझे केस पांढरे झाले, तरी त्या माणसाची आठवण आली की तो पुन्हा उफाळून येतो.

ते खडकीच्या कारखान्यात तपासनीस होते. बाहेरच्या जगात कंपन्या उघडत होत्या तसे जुने कारखाने माणसं मोकळी करत होते. त्यात त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली होती. तरी आम्ही त्यांना तपासनीसच म्हणायचो. सुरुवातीला दवाखान्यातल्या मावशींनी त्यांना 'काका' म्हणून पाहिलं. ते म्हणाले, "मला भाऊ नाही. मी कोणाचा काका होण्याचा प्रश्न येत नाही."

आमची दोघांची गाठ पडली ती डेक्कनजवळच्या एका गल्लीत, चष्म्याच्या दुकानावरच्या मधुमेहाच्या दवाखान्यात. दवाखाना एका डॉक्टर बाईंचा. त्यांना आम्ही मॅडम म्हणत असू. मॅडमच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली होती. त्या म्हणायच्या, "रक्तातली साखर मी मोजते, डोळे तपासते, पाय बधिर होतायत का ते तपासते. पण हा माणूस रोज सुई टोचून, रोज मन मारून, रोज घरच्यांची बोलणी खाऊन किती कावलाय, ते मी मोजतच नाही. हे वेड नव्हे, नैराश्यही नव्हे. हा मधुमेहाचा मनस्ताप आहे, आणि तो मोजला पाहिजे." बाहेरच्या देशांत यासाठी प्रश्नावल्या होत्या. मॅडमनी त्या वाचून आपल्या लोकांसाठी एक मराठीत तयार केली. प्रश्न साधे होते. पथ्य पाळून कंटाळा येतो का, पुढे काय होईल याची भीती वाटते का, घरचे लोक सारखी नजर ठेवतात असं वाटतं का. प्रत्येक प्रश्नाला शून्य ते चारपैकी एक आकडा द्यायचा. शून्य म्हणजे मुळीच त्रास नाही, चार म्हणजे सहन होत नाही.

हे विचारायला दोन माणसं हवी होती. मला घेतलं कारण मी मानसशास्त्र शिकलो होतो आणि कॉलेजात एकांकिका गाजवल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, "तू दगडालाही बोलता करशील." तपासनीसांना का घेतलं ते मला अखेरपर्यंत कळलं नाही. मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "त्यांनी मुलाखतीत मला विचारलं, तुमचं मोजण्याचं साधन कोण तपासतं? मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता."

एका मोठ्या खोलीत मधोमध प्लायवुड ठोकून दोन खोल्या केल्या. एक माझी, एक त्यांची. मावशी दारात बसून टोकन देत. पिवळं टोकन माझ्याकडे, पांढरं तिकडे.

माझी खोली पाहायला हवी होती तुम्ही. गडद पडदा लावला, कुंडी ठेवली, तीन खुर्च्या मांडल्या. रुग्णाबरोबर मुलगा-सून कोणी आलं असेल तर मी म्हणायचो, "अहो, बाहेर कशाला, या ना, तुम्हीही बसा." सगळ्यांना बिनसाखरेचा चहा, आणि मीही तोच प्यायचो. त्यांना एकटं वाटू नये म्हणून. मग मी रंगात यायचो. मधुमेह असल्याचं कळताच गल्लीतला प्रत्येक माणूस कसा वैद्य होतो, एक कारल्याचा रस सांगतो, दुसरा जांभळाच्या बिया, तिसरा म्हणतो माझ्या मेव्हण्याची साखर नुसती पाण्यानं गेली, हे सगळे मी आवाज बदलून करून दाखवायचो. लोक पोट धरून हसायचे. मग मी हळूच प्रश्नावली काढायचो आणि मऊ आवाजात म्हणायचो, "आता सांगा बरं, मोकळेपणानं. पूर्ण गोष्ट सांगा. काही त्रास?"

"छे हो. मजेत."

शून्य. शून्य. शून्य. लोक जाताना माझा हात हातात घेऊन म्हणायचे, फार बरं वाटलं. मला वाटायचं, माझ्या खोलीत दुःख टिकतच नाही.

पलीकडे तपासनीसांच्या खोलीत दोनच खुर्च्या होत्या. तिसरी त्यांनी पहिल्याच दिवशी स्वतः उचलून बाहेर व्हरांड्यात ठेवली. रुग्णाबरोबर कोणी आत शिरू लागलं की ते म्हणायचे, "मधुमेह कोणाला आहे? यांना? मग तुम्ही बाहेर." एका बाईंनी म्हटलं, "अहो, मी त्यांची पत्नी आहे." त्यावर ते म्हणाले, "ते मी विचारलं नाही."

दार लागलं की ते खिडकीकडे तोंड करून बसायचे, माणसाकडे पाहत नसत. स्वतःच्या चहात दोन चमचे साखर घालायचे आणि ती इतका वेळ, इतक्या आवाजात ढवळायचे की माझ्या खोलीतले बिनसाखरेवाले लोक मान वळवून भिंतीकडे बघायचे. मी एकदा त्यांना सुनावलं. म्हटलं, "साहेब, समोर मधुमेहाचा माणूस बसलेला असतो. थोडं भान ठेवा."

"मधुमेह त्यांना आहे. मला नाही. हे त्यांना माहीत आहे."

मग चमचा बशीत ठेवून ते सुरू करायचे. "गोष्ट नको. आकडा सांगा. शून्य ते चार."

एवढंच. सांत्वन नाही, मान डोलावणं नाही, अरेरे नाही. आणि मधूनमधून तोंडावर हातही न ठेवता जांभई.

आणि त्यांच्या खोलीतून लोक डोळे पुसत बाहेर यायचे.

हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला त्या लोकांची दया आली. वाटलं, या माणसानं टाकून बोलून रडवलं असणार. मी धावत जाऊन एका आजींना माझ्या खोलीत पाणी दिलं आणि विचारलं, "काही बोलले का ते?"

"कोण, ते? छे. ते कुठे काही बोलतात," आजी म्हणाल्या. त्यांचा चेहरा न्हाऊन आल्यासारखा दिसत होता. "पण काय सांगू तुम्हाला, आमच्या घरी साखरेचा डबा कुलपात असतो. मी स्वयंपाकघरात आले की सून पटकन काहीतरी पदराखाली घेते. आज कित्येक वर्षांनी माझ्यासमोर कुणी साखर लपवली नाही."

मी माझ्या बिनसाखरेच्या चहाकडे पाहिलं. त्या दिवसापासून तो मला जास्तच कडू लागू लागला.

मत्सराचं एक बरं असतं, तो माणसाला अभ्यासू बनवतो. मी तपासनीसांचा अभ्यास सुरू केला. ते लोकलनं शिवाजीनगरला उतरून चालत यायचे. डबा उभ्यानं खायचे, कारण बसून खाल्लं की माणूस बोलत बसतो असं त्यांचं म्हणणं. शर्ट पांढरा, खिशाला एकच पेन्सिल, आणि ती दर माणसानंतर ब्लेडनं तासायची. कारखान्यात त्यांचं काम एका खाचेतून वस्तू जाते की नाही एवढं पाहायचं होतं. जाते, तर पुढे. नाही जात, तर बाजूला.

"तपासनिसानं वस्तूवर प्रेम करायचं नसतं," ते मला म्हणाले. "प्रेम केलं की हात सैल पडतो आणि न बसणारी वस्तूही बसते."

"पण साहेब, माणसं म्हणजे वस्तू नव्हेत."

"म्हणून तर इथे पाच आकडे दिलेत. तिकडे दोनच होते."

त्यांना मात देता येत नसे. माझ्याकडे आलेल्या सदाशिव पेठेतल्या एका निवृत्त शिक्षकांना मी अदबीनं विचारलं होतं, "मधुमेहामुळे आपली चिडचिड होते का?" ते म्हणाले, "मधुमेहामुळे होत नाही. प्रश्नांमुळे होते." मी हसलो, तेही हसले, आणि मी शून्य लिहून त्यांना दारापर्यंत सोडलं. हा किस्सा मी जेवताना तपासनीसांना रंगवून सांगितला. त्यांनी घास गिळला आणि विचारलं, "मग चिडचिडीला आकडा किती दिलात?"

"शून्य. म्हणाले ना ते, मधुमेहामुळे नाही."

"पण चिडले होते ना?"

मी विषय बदलला.

बाँब पडला तो मांजरीच्या एका पाटलांमुळे. चांगला ऐसपैस माणूस, डोक्याला फेटा, घरचा ऊस, अर्ध्या जमिनीवर आता सोसायट्या उभ्या राहिलेल्या. बरोबर मुलगा, हातात गाडीची किल्ली फिरवत. पिवळं टोकन घेऊन दोघं माझ्याकडे आले. आमची बैठक अशी जमली की मावशी दोनदा डोकावून गेल्या. पाटील म्हणाले, "सायेब, ऊस आमचा, गूळ आमचा, आन् चाखायची बंदी आमालाच हाय." मी म्हटलं, "म्हणजे तुम्ही तुमच्याच बँकेचे शिपाई झालात की." पाटील मांडीवर थाप मारून हसले. मुलगा हसला. सगळ्या प्रश्नांना "आपल्याला काय बी तरास न्हाई" असं उत्तर आलं आणि मी ओळीनं शून्यं मांडली.

पण पाटील आयुष्यभर जमिनीच्या व्यवहारात मुरलेले. एका खिडकीवर काम झालं की दुसऱ्या खिडकीवर शिक्का घ्यावा लागतो, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. ते माझ्या खोलीतून निघाले ते थेट शेजारच्या दारात शिरले. मावशी चहा भरायला गेल्या होत्या. अडवायला कोणी नव्हतं. मुलाला मात्र तपासनीसांनी अडवलं, आणि तो व्हरांड्यातल्या खुर्चीत जाऊन बसला.

मी प्लायवुडला कान लावला. हे मी उगाच लपवत नाही; अभ्यासात सगळं चालतं.

आधी चमचा वाजला. बराच वेळ. मग, "गोष्ट नको. आकडा सांगा." मग पाटलांचा आवाज, माझ्या खोलीत होता त्याच्या निम्मा. "आकडा कसा सांगू? तुमी मला सांगा, लग्नाच्या पंगतीत वाढपी जिलबी घिऊन येतो. माझ्या पानापाशी आला की बिगीबिगी फुडं पळतो. आवं, आमच्या गावात आधी वाढप माझ्या पानापास्नं सुरू व्हायचं. आता पोरगंच त्याला खुणावतं, हितं नको म्हनून. समद्यांम्होरं." मग एक लांबलचक जांभई. मी प्लायवुडपलीकडे लाजेनं लाल झालो. आणि मग तपासनीस म्हणाले, "आकडा?"

"चार लिवा," पाटील म्हणाले, आणि नाक शिंकरल्याचा आवाज आला.

एक माणूस, एक सकाळ, एकच प्रश्नावली, आणि दोन मापं. मॅडमच्या टेबलावर दोन्ही कागद शेजारी शेजारी पडले. माझ्या कागदावर पाटील हे पुणे जिल्ह्यातले सर्वांत सुखी गृहस्थ होते. तपासनीसांच्या कागदावर तोच माणूस रोज अपमान गिळत होता.

मॅडमनी आम्हा दोघांना बोलावलं. "दोन खोल्यांत माणसं दोन वेगळी होतात. मग मी मोजतेय काय? एका खोलीची मापं मला टाकून द्यावी लागतील, आणि ती खोली बंद करावी लागेल. महिनाअखेरीला ठरवते."

तपासनीस म्हणाले, "दोन्ही खोल्यांचीही टाकावी लागतील. माझ्याकडे येऊन लोक उगाच फुगवूनही सांगत असतील. तपासा." एवढं बोलून ते लोकल गाठायला गेले. याला म्हणतात आत्मविश्वास. मला त्यांचा गळा दाबावासा वाटला.

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं, आपणही तसंच वागायचं. नट आहोत आपण. एक खडूस म्हातारा आपल्याला जमू नये? मी पडदा काढला, कुंडी हलवली, तिसरी खुर्ची बाहेर नेली. पहिले गृहस्थ आले, त्यांना पाहून न पाहिल्यासारखं करून खिडकीकडे तोंड फिरवलं, आणि घोगऱ्या आवाजात म्हणालो, "गोष्ट नको. आकडा सांगा."

गृहस्थांनी मान वाकवून माझा चेहरा पाहिला. मग त्यांना हसू फुटलं. "हुबेहूब," ते म्हणाले. "अगदी शेजारचेच. ती जांभईसुद्धा करा ना." त्यांनी बाहेर जाऊन आपल्या भावालाही आत बोलावून आणलं, आणि मला तो प्रवेश पुन्हा करावा लागला. दोघांनीही मुळीच त्रास नसल्याचं सांगितलं.

आता माझ्या बायकोबद्दल सांगायला हवं. वैजयंती. मी वैजू म्हणायचो, अजूनही म्हणतो. आमच्या मुलीच्या वेळी तिला मधुमेह झाला. बाळंतपणानंतर जाईल म्हणाले होते, गेला नाही. मुलगी शाळेत जाऊ लागली तरी तो घरातच. वैजू हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत होती. सकाळी सातची बस, पर्समध्ये इन्सुलिन, संध्याकाळी परत येईपर्यंत अंधार. ती मॅडमचीच रुग्ण. तिच्या साखरेचा सकाळचा आकडा मी रोज रेडिओवरच्या बातम्यांच्या आवाजात जाहीर करत असे. "आजच्या ठळक बातम्या. वैजयंतीबाईंची साखर काल रात्रीपासून स्थिर असून जनतेनं अफवांवर विश्वास ठेवू नये." ती हसायची. माझ्या घरात मधुमेह होता, मनस्ताप नव्हता. हे मी कुणालाही छातीठोकपणे सांगितलं असतं, आणि सांगितलंही होतं. मॅडमना, तपासनीसांना, मावशींना.

वैजूची प्रश्नावलीची पाळी त्याच महिन्यात आली. नवऱ्याच्या खोलीत बायकोची मोजणी करता येणार नाही, असं मॅडमनी सांगितलं. पांढरं टोकन.

मी तिला दारात म्हटलं, "घाबरू नकोस. जरा विचित्र आहेत, पण चावत नाहीत."

तिनं माझा हात थोपटला आणि आत गेली. मीही मागोमाग अर्धं पाऊल टाकलं.

"तुम्ही बाहेर," तपासनीस खिडकीकडे बघत म्हणाले.

"साहेब, मी इथला कर्मचारी आहे."

"मग स्वतःच्या खोलीत."

माझ्या खोलीत त्या वेळी एक सज्जन बसले होते आणि मला आपण किती मजेत आहोत ते सांगत होते. मी त्यांना हातानं चालू द्या अशी खूण केली आणि प्लायवुडला टेकलो. चमचा वाजला. वैजूचा आवाज इतका खाली होता की शब्द लागत नव्हते. 'केक' एवढा एक शब्द आला. मग 'बाथरूममध्ये'. आणि मग ती रडली. मुलीच्या जन्मापासून मी तिला रडताना पाहिलं नव्हतं. हुंदका आला की ती आधी तो दाबते, मग दुसरा येतो, हे मी त्या दिवशी प्लायवुडमधून शिकलो.

पलीकडून जांभई आली. मग, "आकडा?"

आणि वैजू हसली. मी इतकी वर्षं तिला हसवत होतो, तिचं प्रत्येक हसू ओळखत होतो, कोणत्या विनोदाला कोणतं येतं ते मला पाठ होतं. हे त्यातलं नव्हतं. पोटातून, सैल, दमलेलं, कुणासाठीही नसलेलं हसू होतं ते. कुठलाही विनोद न करता त्या माणसानं ते काढलं होतं. माझ्या समोरचे सज्जन म्हणाले, "तुम्हाला बरं वाटत नाहीये का?" मी म्हटलं, "मजेत."

संध्याकाळी तपासनीस पेन्सिल तासत होते तिथे मी जाऊन उभा राहिलो. "काय म्हणाली ती?"

"कोण?"

"माझी बायको."

"प्रश्नावलीत नातं लिहायला रकाना नाही," ते म्हणाले, आणि ब्लेड पुसून खिशात ठेवलं.

घरी जाताना वैजू स्कूटरवर माझ्या मागे बसली. लकडी पुलापर्यंत मी कळ काढली. मग विचारलं, "त्यांना एवढं काय सांगितलंस?"

मागून आवाज आला, "विचारू नकोस ना."

"त्यांना सांगितलंस, मला नाही?"

"त्यांना सांगणं सोपं होतं रे. त्यांना काहीच वाटत नव्हतं."

"आणि मला?"

"तुला वाटतं. लगेच वाटतं. मग तुझा चेहरा पडतो. मग तो मला सावरावा लागतो. मग तू एक विनोद करतोस आणि मला हसावं लागतं. ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की केक नको म्हणताना बारा जणांना कारण सांगावं लागतं, म्हणून मी खाते, आणि बाथरूममध्ये जाऊन जास्तीचं इन्सुलिन टोचते. बसमधून उतरते तेव्हा माझ्यात हसायचं त्राण नसतं."

मी यावर एक विनोद केला. चांगला होता. ती हसली. मग माझ्या लक्षात आलं, आणि तिथून घरापर्यंत मी फक्त स्कूटर चालवली.

दुसऱ्या दिवशी मॅडमकडे जाऊन म्हटलं, "माझी खोली बंद करा."

"ते मी गेल्या आठवड्यातच ठरवलंय," मॅडम म्हणाल्या. "तुला वाईट वाटेल म्हणून सांगत नव्हते."

बघा, त्यासुद्धा.

मला नोकरीवरून मात्र काढलं नाही. मॅडमनी माझ्यासाठी नवं काम शोधलं. रुग्ण आत तपासनीसांकडे असतील तोवर मी व्हरांड्यात नातेवाइकांना गुंतवून ठेवायचं, म्हणजे ते दाराशी घुटमळणार नाहीत. हे काम मी असं काही केलं, की नातेवाईक पाळी नसतानाही येऊ लागले. पाटलांचा मुलगा तर वडिलांना न आणताच एकदा येऊन बसला. मी कारल्यावाला करायचो, जांभळाच्या बियावाला करायचो, व्हरांडा दुमदुमून जायचा. आणि मधेच दार उघडून कुणीतरी डोळे पुसत बाहेर यायचं, आमच्याकडे बघायचं, आणि मला वाटायचं, खरा खेळ आत चालू आहे. मी बाहेर तिकिटं विकतोय.

वैजू दर काही महिन्यांनी त्यांच्याकडे जायची. तिचे आकडे मी कधी पाहिले नाहीत. तिची साखर सकाळी जाहीर करणं मात्र मी बंद केलं. तिनं कारण विचारलं नाही, आणि पहिल्या दिवशी तिनं ते साखर मोजायचं यंत्र जरा जास्तच सावकाश पुसून ठेवलं, एवढंच.

मोजणीचं काम संपलं तेव्हा तपासनीस निघाले. निरोपसमारंभ त्यांना नको होता. म्हणाले, "निरोप कसला? मी खडकीलाच असणार आहे." पण मी ऐकलं नाही. मोठ्या मनाचं वागण्याची ही एकच संधी उरली होती. प्लायवुड काढून खोली पूर्ववत मोठी केली, खुर्च्या मांडल्या, बटाटेवडे सांगितले, त्यांच्याकडे आलेल्या सगळ्यांना स्वतः फोन केले. मी मनात भाषणही बांधून ठेवलं होतं. उदार भाषण होतं.

कुणी आलं नाही. मॅडम, मावशी, मी आणि उत्सवमूर्ती. वैजूनंही सकाळीच सांगितलं होतं की तिला ऑफिसात नव्या सॉफ्टवेअरच्या रिलीजची कामं आहेत. मी शरमेनं मान खाली घालून बसलो होतो. वाटलं, म्हातारा दुखावला असणार. वर पाहिलं तर तपासनीस त्या रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होते, आणि मी त्यांना ओळखत होतो त्या सगळ्या काळात पहिल्यांदाच त्यांच्या तोंडावर समाधान दिसत होतं.

"मोजणी खरी होती," ते म्हणाले. "ज्याच्यासमोर खरं बोललो त्याच्याबरोबर बटाटेवडा कोण खाईल?" मग त्यांनी स्वतः दोन खाल्ले, उभ्यानं, आणि गेले.

माझा निरोप असता तर ही खोली ओसंडून वाहिली असती. मला ते त्या क्षणी लख्ख कळलं, आणि त्याचा आनंद मुळीच झाला नाही.

घरी आलो तर वैजू सोफ्यावर पाय घेऊन बसली होती. मुलगी आत अभ्यास करत होती. "गेले?" तिनं विचारलं.

"गेले."

"बरं झालं. आता मला त्या गल्लीतून मान वर करून जाता येईल." एवढं म्हणून तिनं टीव्हीच्या काळ्या पडद्याकडे तोंड फिरवलं. मग माझ्याकडे न बघताच म्हणाली, "माझ्या बुटात खडा होता. दिवसभर मी त्याच्यावर चालले. कॅन्टीनला, मीटिंगला, बसपर्यंत. घरी येऊन मोजा काढला तर रक्त. दुखलंच नाही मला. काहीच कळलं नाही. मी बसून वाट बघत होते, आता दुखेल, आता दुखेल म्हणून."

माझा चेहरा पडला असणार, कारण तो पडतोच. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. आणि तेवढ्यातही माझ्या तोंडून पहिलं वाक्य आलं ते हेच. "हे तू त्यांना सांगितलं होतंस?"

"नाही," ती म्हणाली. "हे कालचं आहे."

त्यावर बोलण्यासारखं मला पुष्कळ सुचत होतं. पण तिचं अजून संपलं नव्हतं.